दोन किलोमीटरची गॅप: इंग्लंडमधल्या एका खाडीकाठच्या पायवाटेचं प्रकरण

हे प्रकरण इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका खाडीचं आहे. गाव, शेत, माणसं ओळखू येतील अशा खुणा काढून टाकल्यात, घटनांची वर्षंही मुद्दाम देत नाही, पण क्रम जसा घडला तसाच ठेवलाय. मी यात स्थानिक चालणाऱ्यांच्या ग्रुपचा एक व्हॉलंटियर होतो, म्हणजे नकाशे घेऊन फिरायचं, मीटिंगला जायचं, पावसात उभं राहून लोकांचं ऐकायचं, एवढंच. त्यामुळे माझी बाजू चालणाऱ्यांची होती, हे लक्षात ठेवून वाचा.

पार्श्वभूमी

बऱ्याच जणांना वाटतं की इंग्लंडमध्ये समुद्रकिनारा म्हणजे सगळ्यांचाच, कुठेही चाला. तसं नाहीये. किनाऱ्याची पुष्कळ जमीन खासगी आहे, आणि जिथे जुनी वहिवाट नोंदलेली आहे किंवा मालकाची परवानगी आहे तिथेच चालायचा हक्क होता. २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळरान, कॉमन जमिनी पायी फिरायला खुल्या केल्या, किनारा मात्र तेव्हा बाहेरच राहिला. मग २००९ चा मरीन अँड कोस्टल अ‍ॅक्सेस अ‍ॅक्ट आला आणि त्याने नॅचरल इंग्लंड या निसर्गाचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेवर आणि मंत्र्यांवर थेट जबाबदारीच टाकली, की इंग्लंडच्या सगळ्या किनाऱ्याने चालायचा सलग मार्ग तयार करा. सगळा मिळून सुमारे २,७०० मैल, म्हणजे ४,३०० किलोमीटरच्या पुढे. पहिला तुकडा २०१२ मध्ये वेमथच्या बाजूला उघडला, ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यती तिथे होत्या त्याच्या तोंडावर. त्याच वर्षी शेजारच्या वेल्सने त्यांचा अख्खा ८७० मैलांचा किनारामार्ग उघडून टाकला, पण त्यांचा रस्ता वेगळा होता, तिथे मालकांशी बोलून आणि कौन्सिलच्या नेहमीच्या अधिकारांतून एकेक वाट जोडली. इंग्लंडने कायदा करून हक्क द्यायचं ठरवलं, आणि कायदा म्हटला की प्रक्रिया आली.

या कायद्यातल्या दोन गोष्टी नीट समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, आम्हाला पण सुरुवातीला कळल्या नव्हत्या.

पहिली म्हणजे पायवाट. नकाशावर एक रेघ ठरते आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर अशी चार मीटरची पट्टी चालायला मिळते. दुसरी म्हणजे मार्जिन. पायवाट आणि समुद्र यांच्या मधली जवळजवळ सगळी जमीन आपोआप "कोस्टल मार्जिन" होते आणि तिथेही लोकांना पायी फिरायचा हक्क येतो. घरं, बागा, नांगरलेली शेतं वगैरे वगळलेली असतात, पण चराऊ कुरण वगळलेलं नसतं. म्हणजे नकाशावर सगळे रेघेवरून भांडत असतात आणि खरी जमीन हलते ती रेघेच्या समुद्राकडच्या बाजूला. हे वाक्य मला तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं असं आजही म्हणतो.

रेघ ठरवताना तीन गोष्टी बघायच्या असतात: चालणाऱ्याची सुरक्षितता आणि सोय, वाट समुद्राला धरून असावी आणि समुद्र दिसावा, आणि मध्ये खंड कमीत कमी पडावा. त्यावर आणखी एक, लोकांचं हित आणि मालकाचं हित यात योग्य समतोल साधायचा. नुकसानभरपाईची तरतूद यात नाही, त्यामुळे मालकाच्या हातात वाटाघाटीला पैसा नसतो, फक्त हा "समतोल" हा शब्द असतो.

अडचण नेमकी कुठे होती

खाडीच्या बाबतीत कायदा थोडा सैल आहे. नदीच्या मुखाशी थांबायचं की आत जायचं हे नॅचरल इंग्लंडने ठरवायचं, जास्तीत जास्त पायी ओलांडता येईल अशा पहिल्या पुलापर्यंत किंवा बोगद्यापर्यंत. आमच्या खाडीच्या तोंडाशी फेरी बोट होती पण ती फक्त उन्हाळ्यात, हवा बरी असेल तर. म्हणजे हिवाळ्यात चालणारा माणूस या काठावर उभा आणि पुढची वाट समोरच्या काठावर, मध्ये पाणी. म्हणून आत पुलापर्यंत जायचं ठरलं, आणि त्यामुळे आमच्या वाट्याला खाडीकाठचे पुष्कळ किलोमीटर आले. त्यातल्या बहुतेक ठिकाणी जुन्या पायवाटा होत्याच.

फक्त मध्ये साधारण दोन किलोमीटरचा तुकडा रिकामा. एकाच शेतकऱ्याची जमीन. मातीचा गवताळ बांध, भरतीचं पाणी अडवायला फार जुन्या काळी घातलेला. आतल्या बाजूला खारजमीन, भरतीच्या पातळीच्याही खाली असलेलं कुरण, त्यावर गायी. बाहेरच्या बाजूला खारी दलदल आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल. पायवाट दोन्हीकडून शेताच्या हद्दीपर्यंत येऊन संपायची. कायदेशीर पर्याय म्हणजे मागचा डांबरी रस्ता, दोन्हीकडे उंच झुडपांचं कुंपण, बाजूला पाय ठेवायला जागा नाही आणि वळणावर समोरून ट्रॅक्टर आला की झुडपात घुसायचं. प्रत्यक्षात लोक काय करायचे, तर गुपचूप बांधावरून जायचे आणि शेतकरी गुपचूप बघायचा नाही. असं बरीच वर्षं चाललं. मग एकदा एका मोकळ्या कुत्र्याने वासरं उधळवली, एक चरात पडलं, आणि दुसऱ्या दिवशी बांधाच्या दोन्ही टोकांना काटेरी तार.

म्हणजे आम्ही प्रक्रियेत शिरलो तेव्हा वातावरण आधीच तापलेलं होतं. आणि एकटा शेतकरीच नाही, पक्ष्यांची माणसंही काळजीत होती. हिवाळ्यात त्या दलदलीवर ब्रेंट गीज, रेडशँक, कर्ल्यू असे हजारोंनी नाही म्हणता येणार पण चांगले थवे उतरतात, भरतीच्या वेळी चिखल बुडाला की ते बांधालगतच्या उंचवट्यावर दाटीने बसतात. बांधावर माणूस उभा राहिला की आकाशाच्या पार्श्वभूमीवर एकदम उठून दिसतो आणि अख्खा थवा उडतो. थंडीत परत परत उडणं म्हणजे खाल्लेलं जाळून टाकणं. हे मुद्दे खोटे नव्हते. आमच्या ग्रुपमधले काही जण "पक्ष्यांना सवय होते" असं म्हणायचे, मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

समोर आलेले पर्याय

पहिला, बांधाच्या माथ्यावरून सरळ. सगळ्यात सोपा, कोरडा, खाडी दिसते, रेघ आखायला एक दुपार पुरे. पक्ष्यांसाठी सगळ्यात वाईट.

दुसरा, बांधाच्या आतल्या पायथ्याने. माणूस बांधाआड लपतो, पक्ष्यांना दिसत नाही. पण पाणी दिसत नाही, खाली चिखल, एका बाजूला चर, आणि गायींच्या मधून जावं लागतं. वासरंवाल्या गायी आणि कुत्रेवाले लोक एका अरुंद पट्टीत ठेवणं हा काही शहाणपणाचा बेत नाही, या देशात त्यात माणसं मेलीयेत.

तिसरा, शेतकऱ्याचा स्वतःचा. वाट कुरणाच्याही मागे, त्याच्या घरामागच्या शेतरस्त्याने न्या, बांध सोडून द्या. ऐकायला समंजस वाटतो. पक्षीवाल्यांनाही आवडला. पहिल्या मीटिंगमध्ये जवळजवळ सगळे मान हलवत होते, मी पण.

चौथा, फेरीवर भिस्त ठेवून खाडी सोडून द्या. हा आधीच बाद झाला होता पण दर मीटिंगला कोणीतरी परत काढायचंच.

पहिला निर्णायक वळणबिंदू: "आत सरकवा" याचा उलटा अर्थ

तिसऱ्या पर्यायाचा घोळ कसा लक्षात आला ते सांगतो, कारण या सगळ्या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखं तेच होतं. मालकाबरोबर प्रत्यक्ष जमिनीवर चालून बघायचा एक टप्पा असतो. त्यात नॅचरल इंग्लंडच्या अधिकारी, शेतकरी, त्याचा एजंट आणि एका दिवसासाठी आम्ही दोघं असे शेतरस्त्याने चाललो होतो. शेतकरी खुशीत होता, म्हणजे गायी आणि लोक वेगळे झाले ना. तेव्हा अधिकारी बाईंनी शांतपणे नकाशा गेटवर पसरला आणि शेतरस्त्यापासून पाण्यापर्यंत हात फिरवून दाखवला. रेघ इथे आली तर हे सगळं कुरण, तो बांध, बाहेरची दलदल, सगळं मार्जिन.

दोन मिनिटं कोणी बोललं नाही. लोकांना आपल्या कुरणापासून लांब ठेवायला म्हणून त्याने जी रेघ मागितली होती, तीच रेघ अख्खं कुरण लोकांना उघडं करून देणार होती. बांधावर रेघ ठेवली असती तर कुरण रेघेच्या आतल्या बाजूला, म्हणजे पूर्ण त्याचं. मार्जिनवर निर्बंध घालता येतात, जमिनीच्या वापरासाठी, निसर्ग संरक्षणासाठी, आणि दलदल-चिखल चालायला अयोग्य म्हणूनही, पण प्रत्येक निर्बंधाला कारण लागतं, आणि निर्बंध हवा तेवढाच, कमीत कमी. मोकळं कुरण वर्षभर बंद करायला कारण सहज मिळालं नसतं.

इथून पुढे शेतकरी बांधाच्या बाजूने झाला. आमच्या ग्रुपने याचं श्रेय स्वतःकडे घेतलं, खरं तर आम्ही काहीच केलं नव्हतं, फक्त तिथे हजर होतो.

दुसरा वळणबिंदू: २०१८ चा निकाल

शेतकरी तयार झाला म्हणजे आता झालंच असं वाटत होतं. मसुद्यात बांधाचा माथा, सोबत कुत्रे दोरीला बांधून, हिवाळ्यासाठी बोर्ड, आणि दलदलीत उतरायला मनाई, असं साधारण पॅकेज होतं. संरक्षित पाणथळीलगत काही करायचं तर पक्ष्यांवर काय परिणाम होईल हे आधी तपासावं लागतं, आणि त्या काळची पद्धत अशी की असे उपाय आधीच योजनेत धरले की पक्ष्यांवर लक्षणीय परिणाम नाही असं प्राथमिक चाळणीतच म्हणता यायचं आणि पुढचा सविस्तर अभ्यास टळायचा.

एप्रिल २०१८ मध्ये युरोपियन कोर्टाचा निकाल आला, आयर्लंडमधल्या एका विंड फार्मला ग्रिडशी जोडणाऱ्या केबलच्या प्रकरणात. कोर्ट म्हणालं, प्राथमिक चाळणीच्या वेळी उपाययोजना धरायच्या नाहीत, आधी त्या नाहीत असं समजून परिणाम बघा, आणि शंका असेल तर पूर्ण मूल्यांकन करा. केबलचा आणि आमच्या गायींचा काय संबंध असं आम्हाला वाटलं, पण संरक्षित पाणथळीलगतच्या देशभरच्या किनारामार्गांची कामं त्याने अडली. आमचंही अडलं.

ग्रुपमध्ये चिडचिड झाली, दोघं तिघं सोडून गेले. पण मागे वळून बघताना मला वाटतं की हा उशीर फुकट गेला नाही. पूर्ण मूल्यांकन करायचं म्हटल्यावर कोणीतरी हिवाळ्यात भरतीच्या वेळी बसून पक्षी नेमके कुठे बसतात हे मोजलं. आणि निघालं काय, तर दोन किलोमीटरमध्ये खरा दाटीचा भाग शेवटच्या साधारण पाव हिश्शात होता, बांध जिथे वळतो तिथे. बाकी ठिकाणी पक्षी तुरळक. आम्ही आणि पक्षीवाले दोन वर्षं "बांध" आणि "पक्षी" असे दोन अख्खे शब्द एकमेकांवर फेकत होतो, आणि प्रश्न होता पाचएकशे मीटरचा.

मग काय केलं

पहिला तीन चतुर्थांश भाग बांधाच्या माथ्यावरून. वळणाजवळ वाट आतल्या पायथ्याला उतरते, तेवढा भाग कुंपण घालून गायींपासून वेगळा केला, आणि वळण ओलांडलं की परत माथ्यावर. बाहेरच्या दलदलीवर आणि चिखलावर वर्षभर प्रवेशबंदी, कारण खाड्या-घळी आणि भरती यामुळे ते चालायला धोक्याचंच आहे. चढून ओलांडायच्या लाकडी स्टाइलऐवजी सगळीकडे गेट, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांनाही जाता येईल. हा मुद्दा आमच्या ग्रुपमधल्या एका सत्तरीच्या बाईंनी इतक्या वेळा मांडला की शेवटी मीटिंगच्या नोंदींमध्ये तो न विचारताच लिहिला जायचा.

शेतकऱ्याने तरीही लेखी हरकत घेतलीच. नॅचरल इंग्लंडचा रिपोर्ट, म्हणजे वाटेचा प्रस्ताव, प्रसिद्ध झाल्यावर आठ आठवडे मिळतात, जमिनीत हितसंबंध असलेला माणूस समतोल साधला नाही या मुद्द्यावर हरकत घेऊ शकतो, बाकीचे आपलं म्हणणं मांडू शकतात. त्याची हरकत कुंपणाच्या जागेवर होती, चर साफ करायला मशीन आत जायला जागा हवी. प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट या हरकती तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाने नेमलेला माणूस येऊन जागा बघून गेला, हरकतीत तथ्य आहे म्हणाला, कुंपण थोडं सरकलं, मंत्र्यांनी मंजुरी दिली. आमच्यातल्या काहींना हा विश्वासघात वाटला. मला नाही वाटला. माणसाने वाटेला विरोध केलाच नव्हता, त्याला चर साफ करायचा होता, आणि चर तुंबला असता तर आमचीच वाट पाण्यात गेली असती.

शेतकऱ्याला आणखी एक भीती होती ती म्हणजे कोणी पडलं तर केस आपल्यावर. कायद्याने मार्जिनवर मालकाची जबाबदारी बरीच कमी केलीये, नैसर्गिक किंवा मानवनिर्मित कशावरून घसरून लागलं तरी साधारणपणे मालक जबाबदार धरला जात नाही. हे त्याला पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यायला हवं होतं. त्याला ते तिसऱ्या वर्षी कळलं, तेही एजंटकडून.

परिणाम

वाट उघडली. उद्घाटन वगैरे काही नाही, कौन्सिलची व्हॅन आली, बोर्ड ठोकले, गेली. पहिल्या हिवाळ्यात पायथ्याचा तुकडा इतका चिखलाचा झाला की लोक परत बांधावर चढायला लागले, म्हणजे जिथे नको होतं नेमकं तिथेच. मग तेवढ्या भागात खडी टाकून वाट पक्की केली आणि लोक खाली राहिले. बोर्डापेक्षा कोरडी जमीन जास्त काम करते. कुत्र्यांचं प्रकरण संपलेलं नाही, पण तार गेली आणि शेतकरी गेटपाशी दिसला तर बोलतो.

रस्त्यावरून जाणारे चालणारे जवळपास दिसेनासे झाले. आमचा मूळ उद्देश हाच होता.

काय वेगळं करता आलं असतं

मार्जिनचा नकाशा पहिल्याच मीटिंगला टेबलावर हवा होता, रेघेचा नको. पक्ष्यांची मोजणी निकालाची वाट न बघता आधीच करायला हवी होती, त्यात आमच्याच ग्रुपची माणसं लागली असती, दुर्बिणी होत्या, वेळ होता, फक्त आम्हाला ते "त्यांचं" काम वाटत होतं.

पण सगळ्यात मोठी चूक रोल-बॅकची. किनारा झिजतो, बांध खचतो, म्हणून कायद्यात अशी सोय आहे की रिपोर्टमध्येच लिहून ठेवता येतं, की अमुक तुकड्यात जमीन गेली तर वाट त्यानुसार आत सरकेल, नवीन मंजुरी लागणार नाही. आमच्या रिपोर्टमध्ये ही तरतूद फक्त खाडीच्या तोंडाकडच्या भागाला मागितली होती, कारण तिथे धूप डोळ्यांना दिसत होती. वळणाजवळचा बांध भक्कम दिसायचा. मसुदा वाचताना मी ते पान बघितलं होतं, आणि काहीच विचारलं नाही. या देशात प्रत्येक किनारपट्टीचा शोरलाइन मॅनेजमेंट प्लॅन असतो, त्यात कुठला बांध राखायचा आणि कुठला पुढे सोडून द्यायचा हे टप्प्याटप्प्याने लिहिलेलं असतं. तो प्लॅन सगळ्यांसाठी खुला होता. त्यात त्या वळणासमोर काय लिहिलंय हे आमच्यापैकी कोणीही उघडून बघितलं नाही.

उघडल्यानंतरच्या एका हिवाळ्यात वादळ आणि मोठी भरती एकदम आली आणि वळणाशी बांधाचा तुकडा खचला. तोंडाकडच्या बाजूलाही थोडी पडझड झाली, तिथे रोल-बॅक लिहिलेला होता, शेतकऱ्याशी बोलून खुंट्या आत सरकवल्या, काम संपलं. वळणाशी मात्र लिहिलेला नव्हता. म्हणजे बदलाचा नवा रिपोर्ट, परत आठ आठवडे, परत पक्ष्यांचं मूल्यांकन, परत मंत्र्यांची सही. तोपर्यंत गेटला कुलूप आणि पिवळा बोर्ड, आणि वळसा त्याच झुडपांच्या रस्त्याने. मागच्या रविवारी बघितलं, तर लोक परत गुपचूप बांधावरून जातायत आणि शेतकरी परत दुसरीकडे बघतोय.